सिसिली, दोघं आणि एक छोटी गाडी: एटना ते मार्साला, दहा रात्री

घाटरस्ता

सिसिलीबद्दल अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात, म्हणून हा एकच धागा. गृहीत धरलंय ते असं: नवरा-बायको, भाड्याची गाडी, दहा रात्री, हेतू दोनच, वाईन आणि निसर्ग. पालेर्मोची चर्चं, मोझेक वगैरे ज्यांना बघायचंय त्यांनी तीन रात्री वाढवाव्यात, यात कोंबू नयेत.

आधी सगळ्यात मोठी चूक. नकाशात बेट आटोपशीर त्रिकोणी दिसतं, म्हणून लोक कातानियात उतरतात, पूर्ण प्रदक्षिणा घालतात आणि कातानियातूनच परततात. बेट आहे सुमारे २५,७०० चौरस किलोमीटरचं, भूमध्य समुद्रातलं सर्वांत मोठं. प्रदक्षिणेत शेवटचे दोन दिवस नुसतं अंतर कापण्यात जातात. त्यापेक्षा विमानाने कातानियात उतरा आणि पालेर्मोहून परत फिरा. गाडी एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडायचा जादा आकार पडतो, पण वाचलेल्या दोन दिवसांपुढे तो काहीच नाही.

माझा आराखडा:

रात्र १ ते ३: एटना ज्वालामुखीचा उत्तर उतार. मुक्काम लिंग्वाग्लोस्सा, कास्तिल्योने दी सिचिलिया किंवा रांदात्झो. कातानिया विमानतळावरून साधारण ६० किमी, तासाभराचा रस्ता.
रात्र ४, ५: सिराकूझा. नोतो आणि वेंदिकारीची पाणथळ जागा इथूनच.
रात्र ६: वित्तोरिया.
रात्र ७: आग्रिजेंतो.
रात्र ८ ते १०: मार्साला किंवा त्रापानी. शेवटच्या दिवशी वाटेत सेजेस्ताचं देऊळ बघून विमानतळ. तो पालेर्मो शहराच्या अलीकडेच, पश्चिमेला आहे. म्हणजे शहरात शिरायची गरजच नाही.

मार्गातले मोटरवे फुकट आहेत: कातानिया-सिराकूझा आणि पश्चिमेचा ए-२९. टोल आहे तो मेस्सिनाकडे जाणाऱ्या ए-१८ आणि ए-२० वर. लिंग्वाग्लोस्साला जाताना ए-१८ वर फ्युमेफ्रेद्दोपर्यंत थोडा टोल लागेल, तेवढाच.

दिवस निवडताना उन्हाळा टाळा. सिराकूझाजवळ फ्लोरिदियात ११ ऑगस्ट २०२१ ला ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेने ते युरोप खंडाचा उच्चांक म्हणून मान्य केलंय. मे, किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य, हे दोनच काळ मला पटतात. ऑक्टोबरमध्ये एटनावर तोडणी चालू असते. सखल भागातली द्राक्षं ऑगस्टमध्येच उतरतात आणि एटनाची सगळ्यात शेवटी. एकाच बेटावर तोडणीचा हंगाम तीनेक महिने चालतो.

दुरुस्त्या सुचवा.

---

बुचवाला

आराखडा बरोबर आहे. एटनाला तीन रात्री दिल्यात हे विशेष आवडलं, लोक एका दुपारीत उरकतात.

एटनाची डीओसी (ठरावीक भागातल्या, ठरावीक नियमांनी केलेल्या वाईनचा सरकारी दर्जा) १९६८ ची, सिसिलीतली पहिली. नकाशावर ती डोंगराभोवती उलट्या इंग्रजी सी अक्षरासारखी दिसते: उत्तरेकडून पूर्वेला, तिथून दक्षिणेला आणि नैर्ऋत्येपर्यंत. पश्चिम बाजू मोकळी आहे. तिन्ही उतारांचा स्वभाव वेगळा, त्यामुळे तीन वाइनरी निवडायच्या तर तीन दिशांच्या निवडा. एकाच रस्त्यावरच्या तीन निवडल्यात तर तिन्हीकडे तेच ऐकाल.

उत्तर: रांदात्झो, पासोपिशारो, सोलिक्याता, कास्तिल्योने. बागा साधारण ६०० ते १,००० मीटरवर. द्राक्ष नेरेल्लो मास्कालेझे. एटना रोस्सोमध्ये, म्हणजे लाल वाईनमध्ये, ते किमान ८० टक्के असावं लागतं, उरलेल्यात मुख्यतः नेरेल्लो काप्पुच्चो. रंग फिका, पण तुरटपणा चांगलाच. रंगावरून हलकी समजून गटकन प्यायली की फसगत होते.

पूर्व: मीलो गाव. समुद्राची ओल इथे अडते, पाऊस डोंगरावर सर्वांत जास्त. पांढरं द्राक्ष कार्रिकांते. एटना बियांको सुपेरिओरे हे नाव फक्त मीलोतल्या पांढऱ्या वाईनला लावता येतं. आंबटपणा इतका सरळ की ताजी बाटली कोरडी वाटते, चार-पाच वर्षांनी उमलते. शक्य असेल तर एकाच बागेची नवी आणि जुनी अशी दोन वर्षं शेजारी ठेवून मागा. सगळीकडे देतात असं नाही, पण विचारल्याशिवाय कुणीच देत नाही.

दक्षिण: त्रेकास्तान्यी, बियांकाविल्ला. ऊन जास्त, वाईन जरा भरीव.

बाटलीवर 'कोंत्रादा' आणि पुढे नाव दिसेल. कोंत्रादा म्हणजे आपल्याकडच्या शिवारासारखं, नाव असलेला जमिनीचा तुकडा. अशी शंभराहून जास्त शिवारं नोंदलेली आहेत. इथे त्याला अर्थ आहे, कारण शेजारच्या दोन शिवारांखालचा लाव्हा वेगवेगळ्या शतकांतला असू शकतो. एक भुसभुशीत काळी वाळू झालेला, दुसरा अजून दगड. वाळूत फिलॉक्सेरा हा मुळांवरचा कीटक नीट पसरत नाही, म्हणून काही ठिकाणी कलम न केलेले, स्वतःच्या मुळांवरचे शंभरी ओलांडलेले वेल अजून उभे आहेत.

आपल्याकडच्या मांडवाची सवय असलेल्याला बाग ओळखूच येत नाही. जुन्या पद्धतीत, जिला आल्बेरेल्लो म्हणतात, प्रत्येक वेल एकेकट्या झुडपासारखा चेस्टनटच्या काठीला बांधलेला असतो, तारा नाहीत. ट्रॅक्टर आत जात नाही, सगळं हाताने. छाटणीही वर्षातून एकच, हिवाळ्यात. तिथे वेल झोपतो, आपल्याकडे झोपत नाही.

भेट ठरवताना: दुकानात शिरावं तसं शिरता येत नाही. ईमेल करून वेळ घ्या, तोडणीच्या काळात तीन-चार आठवडे आधी. चाखण्याबरोबर जेवण असेल तर अडीच तास धरा. दिवसाला दोन पुष्कळ झाल्या, तिसरी घेतली तर जीभ बधिर होते आणि पैसे वाया जातात. जुना पालमेंतो आहे का हे जरूर विचारा. पालमेंतो म्हणजे लाव्हाच्या दगडात बांधलेलं द्राक्ष तुडवण्याचं घर, वरच्या हौदातून रस उताराने खालच्या हौदात. युरोपीय स्वच्छता नियमांमुळे त्यात विक्रीसाठी वाईन करायला आता मनाई आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ते नुसतं पाहायचं.

---

मोजूनमापून

सगळं छान, पण गाडी कोण चालवणार हे कुणीच लिहिलेलं नाही. ते आधी ठरवा.

इटलीत मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील किंवा वय २१ च्या खाली असेल तर शून्य. आता हिशेब करू. चाखण्याच्या पाच वाईन, प्रत्येकी ५० मिली, म्हणजे २५० मिली. १३.५ टक्क्यांनी त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण २७ ग्रॅम. ७५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात ढोबळमानाने ०.५२ होतं, ६० किलोच्या बाईच्या रक्तात ०.८ च्या आसपास. उतार तासाला ०.१५. म्हणजे दोन तास बसून, खाऊन-पिऊन उठलात तरी बाई मर्यादेच्या काठावर किंवा वरच असते. पुरुष कागदावर खाली येतो, पण ओतणाऱ्याचा हात सैल असेल तर तोही वर. आणि ५० मिलीवर थांबणारे ओतणारे फार कमी.

मार्सालात हिशेब आणखी बिघडतो, कारण तिथली मार्साला वाईन १८ टक्क्यांची. तोच ५० मिलीचा घोट पाच ग्रॅमच्या जागी सात ग्रॅम देतो.

उपाय तीन. एक, चालवणाऱ्याने थुंकायचं. प्रत्येक ठिकाणी त्यासाठी भांडं असतं, 'स्पुताक्किएरा' मागा. आपल्याकडे पिकदाणीची लाज वाटते, तिथे थुंकणाऱ्याला जाणकार समजतात. दोन, एक दिवस एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. तीन, आणि मला हाच योग्य वाटतो, राहण्याची जागाच वाइनरीत किंवा गावात चालत जाण्याच्या अंतरावर घ्यायची. संध्याकाळची भेट तिथली, गाडी अंगणात.

---

घाटरस्ता

@मोजूनमापून, हे मूळ लेखात हवं होतं, मान्य. त्यात भर: मार्साला शहरात वाईनची जुनी कोठारं बंदरालगत आहेत आणि मुक्काम गावात असेल तर सगळं पायी होतं. त्यामुळे शेवटच्या तीन रात्री त्रापानीपेक्षा मार्सालाला घ्या.

---

नाकासमोर

गाडीबद्दल, कारण खरा खर्च आणि मनस्ताप तिथे होतो.

परवाना: मूळ भारतीय परवाना आणि आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. गाडी देणारा एखादे वेळी बघत नाही, रस्त्यावरचा पोलीस बघतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नक्की बघते.

कार्ड: अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडवली जाते आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचा परवाना असं केलं की काउंटरवरच अडतं. दोघं चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव करारात घाला.

आकार: सगळ्यात लहान गाडी घ्या, फियाट पांडाच्या वर्गातली. आग्रिजेंतो, रागुझा, एरिचे यांच्या जुन्या भागात दोन भिंतींमध्ये आरसे मिटून जावं लागेल अशा गल्ल्या आहेत. ऑटोमॅटिक हवी असेल तर महिना-दोन महिने आधी सांगा, तिथे गिअरचीच गाडी गृहीत धरतात. डावीकडे स्टिअरिंग, उजवीकडून चालणं, आणि त्यात उजव्या हाताने गिअर, हे सगळं पहिल्याच तासात कातानियाच्या गर्दीत शिकू नका. विमानतळावरून थेट मोटरवे धरा.

विमा: साध्या संरक्षणात चाकं, काचा, छत आणि गाडीचं पोट बहुधा येत नाही. सिसिलीतल्या प्रांतिक रस्त्यांवर नेमकं हेच जातं. गाडी ताब्यात घेताना चारी चाकांच्या कडा आणि बंपरच्या खालची बाजू यांचा व्हिडिओ काढा. परत देतानाही.

झेडटीएल: हा सापळा नीट समजून घ्या. शहरांच्या जुन्या भागात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. अडथळा नसतो, फक्त लाल कडेची गोल पांढरी पाटी आणि कॅमेरा. पाटीखाली किंवा प्रकाशफलकावर 'वार्को आत्तीवो' असेल तर बंदी चालू. 'वार्को नॉन आत्तीवो' असेल तर जा. गंमत अशी की 'आत्तीवो' वाचून लोकांना रस्ता चालू आहे असं वाटतं आणि ते आत घुसतात. प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा. चुकून गेलात, घाबरून बाहेर आलात आणि पुन्हा वळून आत शिरलात तर दोन दंड. नोटीस काही महिन्यांनी येते, आणि गाडीवाली कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवण्याचा वेगळा आकार कार्डावर लावते. सिराकूझाच्या ओर्तीजिया बेटावर मुक्काम असेल तर हॉटेलला गाडीचा नंबर आधी कळवा, ते नोंदवू शकतात का ते विचारा. नाहीतर ओर्तीजियाच्या तोंडाशी तालेते नावाचा वाहनतळ आहे, तिथे लावून चालत जा. ताओर्मिनात जायचंच असेल तर लुंबी किंवा पोर्ता कातानियाच्या बहुमजली तळावर गाडी सोडा.

पार्किंगच्या रेषा: निळी म्हणजे पैसे, पांढरी फुकट, पिवळी आरक्षित. पांढऱ्या रेषेवरही कधी वेळेची मर्यादा असते, पाटी वाचा.

पेट्रोल: बेंझीना म्हणजे पेट्रोल, गाझोलियो म्हणजे डिझेल. 'बेंझीना' ऐकून काहीही भरू नका, झाकणाच्या आतलं लेबल बघा. एकाच पंपावर दोन भाव असतात: 'सेर्वितो' म्हणजे माणूस भरून देणार, महाग. 'सेल्फ' स्वस्त. दुपारी आणि रविवारी माणूस नसतो, मशीनमध्ये आधी पैसे घालायचे. परदेशी कार्डावर मशीन आधी मोठी रक्कम अडवतं आणि काही दिवसांनी सोडतं. त्यामुळे दहा-वीस युरोच्या नोटा जवळ ठेवा.

रस्ते: मोटरवेवर १३०, पावसात ११०. दुय्यम रस्त्यांवर ९०, गावात ५०. गावाबाहेर दिवसाही दिवे लावणं बंधनकारक. फोनवरचा नकाशा सिसिलीच्या आतल्या भागात खोटं बोलतो असं समजा. मातीचे डोंगर आहेत, दरडी येतात, प्रांतिक रस्ता अर्धा खचलेला असतो आणि 'स्त्रादा इंतेर्रोत्ता', म्हणजे रस्ता बंद, अशी पाटी वर्षानुवर्षं उभी असते. स्थानिक लोक तिच्या बाजूने जाताना दिसतील. तुम्ही जाऊ नका.

---

चिंचगूळ

वाचनखूण साठवली. एक शंका: ज्वालामुखीवर खरंच जाता येतं का, की खालूनच बघायचं?

---

राखरांगोळी

@चिंचगूळ, जाता येतं, पण कुठवर ते त्या आठवड्यात डोंगर काय करतोय त्यावर. उंची साधारण ३,३०० ते ३,४०० मीटरच्या दरम्यान, उद्रेकांनी बदलत राहते. २०१३ पासून जागतिक वारसा यादीत.

दक्षिणेकडून: रिफुजियो सापिएन्झा, १,९१० मीटर. इथपर्यंत डांबरी रस्ता. पुढे केबल कारने सुमारे २,५०० मीटर, त्यापुढे मोठ्या चाकांच्या बसने आणखी वर, आणि मुखांच्या जवळ फक्त अधिकृत वाटाड्याबरोबर. किती उंचीपर्यंत परवानगी आहे याचा आदेश स्थानिक प्रशासन काढतं आणि तो सकाळी बदलू शकतो. म्हणून शिखराचं आगाऊ आरक्षण करताना रद्द झाल्यास पैसे परत मिळतील ना, एवढं बघा. केबल कार वाऱ्याने बंद पडते, त्यामुळे सकाळची पहिली वेळ धरा. दुपारनंतर ढगही चढतात.

पण तुमचा मुक्काम उत्तरेला आहे, तर मी दक्षिणेला जाणारच नाही. लिंग्वाग्लोस्साहून मारेनेवे नावाचा रस्ता रागाबोच्या पाइनच्या जंगलातून पियानो प्रोवेंझानाला चढतो, साधारण १,८०० मीटर. २००२ च्या उद्रेकात इथली हॉटेलं आणि स्कीची सोय लाव्ह्याखाली गेली. आज त्याच काळ्या पसाऱ्याच्या कडेला नवी दुकानं आहेत. तिथून वाटाड्याबरोबर २००२ च्या मुखांपर्यंतची चढाई, तीनेक तास, हौशी चालणाऱ्याला जमते. गर्दी दक्षिणेच्या मानाने फारच कमी.

कपडे: खाली २५ अंश असताना वर ८ आणि वारा. घोट्यापर्यंतचे बूट घ्या, लाव्ह्याची खडी साध्या बुटात शिरते आणि तळवे सोलते. मऊ पांढरे बूट पुन्हा पांढरे होत नाहीत.

राख पडली तर: वायपर कोरडे फिरवू नका. ही राख म्हणजे काचेचा चुरा, एका फेरीत समोरच्या काचेवर कायमचे ओरखडे येतात आणि ते तुमच्या अनामतीतून जातात. बाटलीभर पाणी ओतून आधी धुवा. गाडीच्या आतली हवा आतल्या आत फिरवा. जास्त राख असेल तेव्हा कातानिया परिसरात ताशी ३० ची मर्यादा आणि दुचाकींना बंदी असा आदेश निघतो, कारण रस्ता वाळू पसरल्यासारखा निसरडा होतो. कातानियाचा विमानतळही अशा वेळी काही तास बंद राहतो. येताना कातानिया, जाताना पालेर्मो या क्रमाचा हाही एक फायदा. पहिला दिवस गेला तर भरून काढता येतो, परतीचं विमान गेलं तर नाही.

१५ नोव्हेंबर ते १५ एप्रिलमध्ये एटनाच्या वरच्या रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या बंधनकारक. मेमध्ये किंवा ऑक्टोबरात हा प्रश्न नाही.

---

बुचवाला

उत्तर उतारावर अर्धा दिवस उरला तर आल्कांताराची घळ. लाव्ह्याचा ओघ थंड होताना त्याचे षटकोनी खांब झाले आणि नदीने ते कापून काढले, कडे २५ मीटरपर्यंत उभे. पाणी ऑगस्टमध्येही बर्फासारखं, गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं म्हणजे पुष्कळ. खाजगी प्रवेशाला लिफ्ट आणि तिकीट, शेजारी पालिकेच्या पायऱ्या आहेत, दोनशेच्या वर. उतरताना काही वाटत नाही.

आणि गाडी नको असा दिवस हवा असेल तर चिर्कुमेत्नेआ ही अरुंद रुळांची रेल्वे डोंगराला वळसा घालते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधली. रांदात्झोजवळ ती १९८१ च्या लाव्ह्यातून जाते. तो ओघ गाव थोडक्यात चुकवून रस्ते आणि रूळ गिळून गेला होता. नेहमीच्या गाड्या रविवारी नसतात.

---

कांदेपोहे

आम्ही दोघंही शाकाहारी. वाईनबरोबरच्या थाळीत मांसच असतं ना? आणि सहाव्या रात्रीला वित्तोरिया कशासाठी, नकाशात तिथे काहीच दिसत नाही.

---

जिरेमिरे

@कांदेपोहे, सिसिली शाकाहारींना इटलीत सगळ्यात सोपी. कातानियाची पास्ता आल्ला नोर्मा: वांगी, टोमॅटो, तुळस, वर खारवलेला रिकोत्ता. कापोनाता: वांग्याची आंबटगोड भाजी, सेलरी आणि केपरसह. पश्चिमेला पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून. हे खाताना घर आठवेल.

फसवणाऱ्या गोष्टी अशा. भाताचा तळलेला गोळा, आरांचिनो, 'बुर्रो' म्हणजे लोण्याचा सांगितला तरी आत हॅमचे तुकडे असतात. पालकाचा किंवा वांग्याचा मागा. (पूर्वेला तो पुल्लिंगी आरांचिनो, पालेर्मोकडे स्त्रीलिंगी आरांचिना. यावरून तिथे खरोखर भांडणं होतात.) पास्ता कोन ले सार्दे म्हणजे मासळी. पेकोरिनो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पाचकाने) करतात, ते चालत नसेल तर आधीच सांगा. वाइनरीला ईमेलमध्येच 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' लिहा, म्हणजे मांस नको आणि मासेही नकोत. नुसतं शाकाहारी म्हटलं की अँकोवी येऊ शकतात, ते त्यांना मासे वाटत नाहीत, मीठ वाटतं.

---

बुचवाला

वित्तोरियाबद्दल. गाव बघायला जाऊ नका, सभोवती प्लॅस्टिकची हरितगृहं पसरलेली आहेत. पण सिसिलीतली एकमेव डीओसीजी, म्हणजे डीओसीच्या वरचा दर्जा, इथली: चेरासुओलो दी वित्तोरिया, दर्जा २००५ चा. द्राक्षं दोन: नेरो दावोला ५० ते ७० टक्के, फ्राप्पातो ३० ते ५०. वर लाल वाळू, खाली चुनखडी. फ्राप्पातोमुळे स्ट्रॉबेरीसारखा वास आणि हलकेपणा येतो. नुसती फ्राप्पातो जरा गार करून, १४ अंशांच्या आसपास, पितात. उकाड्यात लाल वाईन नकोशी वाटणाऱ्यांना ही चालते. मुक्काम गावाबाहेर शेतघरात करा, आग्रितुरिझ्मो शोधा. चांगलं मिळालं नाही तर रागुझात राहा, जेमतेम तासाभराच्या आत आहे आणि जुना रागुझा इब्ला फार देखणा आहे.

---

रानवाटा

आग्रिजेंतोबद्दल वेगळं मत. देवळांची दरी संध्याकाळी बघावीच, त्यात वाद नाही. पण लोक तिथे जातात ते अर्धे स्काला देइ तुर्कीच्या पांढऱ्या कड्यासाठी. तो मार्ल म्हणजे चिकणमातीमिश्रित चुन्याचा, ठिसूळ. पडझड आणि चोऱ्या, दोन्हीमुळे कड्यावर चालण्यावर २०२० पासून निर्बंध आलेत. वरच्या सज्जातून बघा, फोटो तिथूनच बरा येतो. त्यासाठी अख्खी दुपार देऊ नका.

त्याऐवजी आग्रिजेंतो ते मार्साला या दिवशी थोडा वळसा घेऊन जुन्या जिबेल्लीनाला जा. १९६८ च्या बेलिचे भूकंपात गाव पूर्ण पडलं. आल्बेर्तो बुर्री या कलावंताने ढिगाऱ्यावर पांढरं काँक्रीट ओतून गल्ल्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या. काम १९८० च्या दशकात सुरू झालं, पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. माणसाच्या उंचीएवढे ठोकळे आणि त्यामधून चालायचं. चारी बाजूंना द्राक्षबागा. सावली नाही, दुकान नाही, तिकीटही नाही. रस्ता खराब, पाणी घेऊन जा.

पश्चिमेचे तीन दिवस असे: एक दिवस झिंगारो राखीव क्षेत्र. १९८१ मध्ये घोषित झालेलं, किनाऱ्यालगत ७ किमीची पायवाट, आत गाडीरस्ता नाही. दक्षिणेचं दार स्कोपेल्लोकडे, उत्तरेचं सान वितो लो कापोकडे. एका दारातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडलात तर गाडी राहते मागे, आणि रस्त्याने तासाभराचा वळसा. म्हणून दक्षिणेकडून शिरा, दोन-तीन छोटे किनारे करून परत फिरा. पहिला, काप्रेरिया, वीस मिनिटांवर आणि म्हणून सगळ्यात गर्दीचा. पुढचे रिकामे मिळतात. माणशी दीड-दोन लिटर पाणी. कोरडा वारा सुटला की वणव्याच्या भीतीने क्षेत्र बंद ठेवतात, निघण्यापूर्वी बघा.

दुसरा दिवस मार्साला ते त्रापानी किनारी रस्ता. ३० किमीच्या आसपास, पण अर्धा दिवस लागतो. स्तान्योनेचं उथळ खाजण, मिठागरं, पवनचक्क्या, आणि मिठाच्या ढिगांवर पावसापासून संरक्षणाला घातलेली कौलं. होडीने मोत्झिया बेट: फिनिशियन लोकांचं शहर, आणि आता तिथे ग्रिल्लोची द्राक्षबागही आहे. पाण्याखाली त्यांनी बांधलेला रस्ता अजून आहे, द्राक्षांच्या बैलगाड्या पूर्वी त्यावरूनच यायच्या. शेवटची होडी कधीची ते उतरतानाच विचारून ठेवा. सूर्यास्ताला मिठागरांजवळ थांबा, डासांचं मलम लावून.

एरिचे ७५१ मीटरवर. त्रापानीहून केबल कार आहे, वाऱ्याने बंद असते. खाली लख्ख ऊन असताना वर धुकं असणं नेहमीचं. खालून शिखर दिसत नसेल तर जाऊच नका.

---

घाटरस्ता

पँतेल्लेरिया बेटाचं काय? तिथल्या झिबिब्बो द्राक्षाच्या वेलींना २०१४ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली असं वाचलंय.

---

रानवाटा

@घाटरस्ता, बरोबर, आल्बेरेल्लो पद्धतीला. वाऱ्यापासून वाचवायला वेल खड्ड्यात लावतात. पण दहा रात्रींत नको. वारा सुटला तर बोटीची फेरी रद्द आणि परतीचं विमान हुकलं. तिथली पासीतो, म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाईन, मार्सालात मिळते, तिथेच चाखा.

---

बुचवाला

मार्साला म्हणजे स्वयंपाकात घालायची गोड दारू असा समज घेऊन लोक येतात. बाटलीवरचे तीन शब्द वाचता आले की पुरे.

रंग: ओरो, आंब्रा, रुबिनो. आंब्रामध्ये आटवलेला द्राक्षरस घालता येतो, रंग आणि कडवट गोडवा त्याचा. गोडी: सेक्को म्हणजे लिटरला ४० ग्रॅमच्या आत साखर, सेमिसेक्को ४० ते १००, दोल्चे त्यावर. मुरवण: फिने १ वर्ष, सुपेरिओरे २, सुपेरिओरे रिझेर्वा ४, वेर्जिने किमान ५, आणि वेर्जिने स्त्रावेक्यो १०. वेर्जिनेत आटवलेला रस चालत नाही. कोरडी, मिठाच्या हवेची चव, बदाम आणि जुन्या लाकडाचा वास. फिने बहुतेक स्वयंपाकाची. चाखताना वेर्जिनेपासून सुरू करा आणि दोल्चेला शेवटी या, उलट केलंत तर कोरडी नुसती कडू लागते.

१७७३ मध्ये जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने इथली वाईन जहाजावर टिकावी म्हणून तीत स्पिरिट मिसळून पाठवली, तिथून हे सगळं सुरू झालं. काही घरांत त्याआधीची, स्पिरिट न घालता पिंप दरवर्षी थोडं रिकामं करून नव्याने भरण्याची पद्धत आहे, तिला पेर्पेतुओ म्हणतात. विचारा.

---

मोजूनमापून

बाटल्या घरी नेण्याचा हिशेब. भारतात परतताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त. ७५० च्या दोन म्हणजे दीड लिटर, आणि पासीतो, मोस्कातो दी नोतो यांसारख्या गोड वाईन अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळतात. दोन मोठ्या अधिक एक अर्ध्या लिटरची, बरोबर २ लिटर. दोघांच्या मिळून सहा. सामानात टाकायच्या, हातात नाही.

एटनावर घेतलेली बाटली आठ दिवस गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या डिकीत तापमान ५० च्या पुढे जातं, वाईन फुगते, बूच वर सरकतं आणि आत हवा जाते. बाहेरून चिकट ओघळ दिसला की ती बाटली गेली. मुक्कामाला रोज खोलीत न्या.

---

नाकासमोर

आणि बाटल्या मागच्या सीटवर दिसतील अशा ठेवून मिठागरं बघायला जाऊ नका. काही न दिसणारी गाडी सोडून द्यायची आणि दिसणारी फोडायची, एवढाच तिथला नियम आहे.